काळ्या मातीत बर्फाच्या साखळ्या

"काका, इथून पुढं गाडी जाणार नाही ना?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

मी हँडब्रेक ओढला, खाली उतरलो आणि डांबर संपतं तिथून चार पावलं पुढं जाऊन बुटाची टाच चिखलात दाबली. वरचा थर लोण्यासारखा बाजूला सरकला. आणखी जोर दिला. टाच कशाला तरी लागून थांबली. तिथंच पाय गोल फिरवून बघितला. खर्र आवाज आला. खाली मुरूम होता.

"जाईल," मी म्हणालो. "पण साखळ्या लावाव्या लागतील."

मॅडम माझ्याकडं बघतच राहिल्या. त्या आमच्या गाडीवर नव्यानंच आलेल्या. डॉ. नेहा, मूळच्या वसमतच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. काळी माती म्हणजे काय हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. साखळ्यांचं मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी ॲम्ब्युलन्स चालवतो. आमच्या कामात ड्रायव्हरला पायलट म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. त्याआधी मी फौजेत ड्रायव्हर होतो आणि तिथं बरीच वर्षं पहाडात रसद पोहोचवली. रिटायर होऊन सेनगाव तालुक्यातल्या माझ्या गावी आलो, सहा महिने शेतात रमायचा प्रयत्न केला, जमलं नाही. हाताला स्टिअरिंगची सवय लागलेली. मग ही नोकरी धरली. गावात मला सगळे फौजीच म्हणतात, आणि मॅडमसारखी तरुण मंडळी काका म्हणतात.

त्या दिवशी सकाळी कॉल आला तो असा. आत एका गावच्या वाटेवर ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली. गावच्या अंगणवाडीताई ट्रॉलीत बसलेल्या होत्या. त्यांची मांडी मोडली असावी. ट्रॅक्टर चालवणारा किरकोळ जखमी. जागा डांबरी रस्त्यापासून दोन-अडीच किलोमीटर आत.

गावाचं नाव सांगत नाही. आमच्या भागात अशी पुष्कळ गावं आहेत. तिथला जुना मुरमाचा रस्ता नवा करायचा म्हणून उखडला होता. कडेच्या नाल्या खोदून निघालेली काळी माती वर टाकली, मधल्या टप्प्यात सगळ्यात जाड. मग काम थांबलं आणि पाऊस आला. सोयाबीन काढणीला आलेलं, वर आभाळ भरलेलं, आणि गावाला जायची वाट म्हणजे दोन-अडीच किलोमीटरचा चिखल.

आम्ही पोहोचलो तेव्हा डांबराच्या टोकाला तो ट्रॅक्टर चालवणारा उभा होता. नामदेव नाव. तिशीतला गडी, मनगटाला गमचा गुंडाळलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. चालत आला होता.

"काका, माझ्याच हातानं झालं हो," तो म्हणाला. "ताई म्हणल्या व्हत्या, हळू घे. म्या हळूच घेतलं. नाल्यावरच्या मोरीच्या उतारावर मागची ट्रॉलीच सरकली अन् ट्रॅक्टरलाबी आडवं घेऊन गेली."

"गावात दुसरा ट्रॅक्टर न्हाई का?"

"हाय की. पण माझा ट्रॅक्टर मोरीच्या तोंडावर आडवा पडलाय. गावाकडून काईच येऊ शकत न्हाई. माणसं नाल्यातून उतरून इकडं आली."

"उचलून काहून आणलं न्हाई?"

"आणत व्हतो. बाजेवर घेतलं. जरा पुढं आलो तर एकाचा पाय सरकला, बाज तिरपी झाली. ताई अशा वरडल्या काका... मंग खालीच ठिवलं. लिंबाखाली ताडपत्री टाकून झोपवलंय."

मॅडमनी मध्येच विचारलं, "पाय आखूड झाल्यासारखा दिसतोय का? बाहेरच्या बाजूला वळलाय?"

"व्हय. मांडी सुजून राहिली. मघाशी एवढी नव्हती."

मॅडमचा चेहरा बदलला. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "काका, मांडीचं हाड मोठं असतं. ते मोडलं की रक्त आतल्या आत साठतं. बाहेर थेंब दिसत नाही, पण माणूस रिकामा होत जातो. त्यांना नीट बांधून, आडवं ठेवून, गाडीतूनच आणायला हवं. मी बॅग घेऊन चालत पुढं निघते. तुम्ही गाडीचं बघा."

"तुमी चला. मी येतोच मागून."

येतोच असं म्हणून तर गेलो. आता त्या साखळ्यांबद्दल सांगायला पाहिजे.

पहाडात हिवाळ्यात साखळ्यांशिवाय गाडी हलत नाही. त्यांना स्नो चेन म्हणतात. दोन लांब साखळ्या असतात, एक चाकाच्या आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या साखळ्या. चाकावर चढवली की त्या पायऱ्या टायरच्या तळव्यावर येतात. रबर बर्फावर घसरतं. लोखंड बर्फात रुततं. एवढंच त्यातलं शास्त्र.

आमच्याकडं हिवाळा म्हणजे पहाटे शेकोटी आणि दुपारी पंखा. पण पावसाळ्यात गाडी डांबराच्या टोकाला उभी करून पेशंट यायची वाट बघत बसायचं, हे मला दोन वर्षं बघवलं नाही. घसरण ती घसरणच. बर्फाची काय आणि चिखलाची काय. फौजेतल्या एका दोस्ताचं पहाडात गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. त्याला आमच्या टायरचा साइज कळवला आणि एक जोडी मागवून घेतली. पार्सल उघडलं तेव्हा आमच्या चौकातला चहावाला म्हणाला, "फौजी, यंदा औंढ्याला बर्फ पडून राहिला का?"

चहावाला हसला त्याचं काही नाही. पण माझे साहेब हसले नाहीत, आणि तीच खरी अडचण होती.

कदम साहेब आमचे सुपरवायझर. जिल्ह्यातल्या गाड्यांची जबाबदारी त्यांच्यावर. त्यांनी साखळी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "ही तुटली तर?"

"तुटत न्हाई साहेब सहसा."

"सहसा म्हणजे? चाक फिरताना एक कडी निसटली, गरगर फिरून ब्रेकच्या पाइपवर बसली. आत पेशंट आहे. मग?"

 पहाडात असं झालेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं.

"दुसरं," ते म्हणाले, "बर्फ चिकटत नाही. आपली माती चिकटते. साखळीत भरून बसली की साखळी आहे काय आणि नाही काय."

"साहेब, एक दिवस राखीव गाडी द्या. करून बघू. न्हाई जमलं तर साखळ्या मी विहिरीच्या मोटारीला बांधायला वापरतो."

ते आठवडाभर नाही म्हणत राहिले. मी आठवडाभर विचारत राहिलो. शेवटी एका रविवारी ते स्वतःच आले. पँट वर दुमडून माझ्या शेताच्या वाटेवर उभे राहिले.

पहिल्या खेपेला साहेबांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. पाऊस उघडून एक दिवस झाला होता, माती अर्धवट वाळलेली. अशी माती सगळ्यात वाईट. गाडी थोडी पुढं गेली आणि मागची चाकं दिसेनाशी झाली. चाकाच्या जागी मातीचे दोन गोळे. चाकावरच्या मडगार्डच्या पत्र्यात माती ठासून भरली आणि चाक फिरायचंच बंद झालं. साहेबांनी वाकून दोन्ही गोळे बघितले.  मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन तासभर माती काढत बसलो.

पण मी तिथं थांबलो नाही. वाटेच्या वरच्या टप्प्यावर, जिथं खाली मुरूम आहे आणि वर नुसता पातळ राडा, तिथं गाडी नेली. तिथं साखळीच्या कड्या राड्यातून खाली गेल्या आणि मुरमाला लागल्या. बिनसाखळीची गाडी त्या चढावर शेपूट हलवत मागं आली होती. साखळीवर ती सरळ चढली. खाली आलो, परत चढवली. साहेब म्हणाले, "आणखी एकदा." परत चढवली. मग त्यांनी स्वतः चालवून बघितली.

त्या दिवशी आम्हा दोघांना जे कळलं ते हे. खोल काळ्या मातीत साखळीचा उपयोग नाही. खाली कडक तळ असेल आणि वर घसरण असेल तरच उपयोग. म्हणजे आधी गाडीतून उतरून जमीन बघायची, मग साखळीचं नाव काढायचं. साहेबांनी परवानगी दिली, पण अटी घातल्या. जमीन मी स्वतः तपासायची. लावण्याआधी त्यांना फोन करायचा. वेग माणूस पळतो त्याहून जास्त नको. गाडीत सब्बल, बांधायची तार आणि पक्कड कायम पाहिजे. आणि डांबर लागलं की साखळ्या काढायच्या, पेशंट कितीही गंभीर असला तरी. डांबरावर साखळी पळवली की ती तुटणार म्हणजे तुटणारच.

तर आता परत त्या सकाळी. मॅडम पुढं चालत निघालेल्या, नामदेव माझ्याजवळ थांबलेला. मी साहेबांना फोन लावला.

"खाली काय लागतंय?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"मुरूम."

"बघितलंस का अंदाजानं बोलून राहिलास?"

"टाच घालून बघितलं साहेब. मधल्या टप्प्यात नवी माती टाकलेली हाय म्हणतात. तिथं तकलीफ होईल."

"तिथं काय करणार?"

"तिथं गेल्यावर बघतो."

 मग म्हणाले, "जा. डांबरावर परत आलास की फोन कर. मी इथंच बसतो."

साखळी लावायची एक रीत असते. ती चाकामागं सरळ पसरायची. एक पायरी जरी पिळलेली राहिली तरी ती टायर कापते. मग टायरवर ओढून आतल्या अंगाची कडी आधी अडकवायची. ही कडी दिसत नाही. चिखलात पालथं पडून, हात चाकामागं घालून, चाचपून अडकवावी लागते. नंतर बाहेरची. मग ताण द्यायचा. आमच्या गाडीची ताकद मागच्या चाकांवर येते, म्हणून साखळ्या मागच्या चाकांना. नामदेवला एका हातानं जेवढं जमलं तेवढं त्यानं धरलं. लावून झाल्यावर गाडी चाक दोन वेळा फिरेल एवढी पुढं घेतली, उतरलो, आणि परत ताण दिला. पहिल्यांदा कितीही घट्ट वाटली तरी साखळी सैल पडते. हा दुसरा ताण जे विसरतात त्यांचीच साखळी निसटते.

"बस," मी नामदेवला म्हणालो. "अन् खिडकीतून खाली बघत राहा. नाली किती लांब हाय ते सांगत राहायचं."

पहिला टप्पा बराच सोपा गेला. खालून कड्यांचा कटकट आवाज येत होता. तो आवाज मला हवा होता, कारण लोखंड मुरमाला लागतंय हे त्यावरून कळतं. स्टिअरिंग मात्र हलकं लागत होतं. पुढच्या चाकांना साखळी नव्हती, ती तरंगत होती. अशा वेळी ब्रेकला पाय लावायचा नाही. पहिला गिअर आणि इंजिनाचा दाब, त्यावरच गाडी थांबवायची आणि त्यावरच न्यायची.

मग आवाज बंद झाला. नवी माती आली होती.

गाडी अंगभर थरथरली आणि तिचा वेग आपोआप उतरला. मी ॲक्सिलेटर सोडला. अशा जागी चाक जागच्या जागी फिरवलं की ते स्वतःचा खड्डा खणतं. उतरून बघितलं. साखळी मातीत हरवून गेली होती. वरच्या पत्र्यात माती दाबून बसलेली. नामदेव उतरला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला.

"झालं काका. फसली."

"फसली न्हाई. थांबवली." मी सब्बल काढली. "ह्या बाजूला कुणाचा आखाडा हाय का?"

रस्त्याला लागूनच एक होता. आखाडा म्हणजे शेतातली राहती जागा, गोठा, पत्र्याचं शेड, पुढं अंगण. नामदेवनं बोट दाखवलं. शेडला टेकून तुराट्यांची गंज रचलेली होती. तूर झोडून उरलेल्या काटक्या, चुलीसाठी ठेवलेल्या.

"कुणाचा हाय?"

"चुलत्याचाच हाय."

"मंग आण उचलून. जेवढ्या येतील तेवढ्या. चुलत्याला मी सांगतो."

तो एका हातानं पेंढ्या ओढत राहिला, मी सब्बलीनं चाकं मोकळी करत राहिलो. चुलता गावात होता. त्याची बायको आखाड्यावरच होती. तिनं काहीही न विचारता पदर खोचला आणि ती पण पेंढ्या वाहायला लागली. आम्ही चाकांपुढं दोन पट्टे अंथरले, आडव्या काटक्या एकमेकींत गुंतवून. साखळीला काहीतरी पकडायला हवं होतं. मुरूम नव्हता, म्हणून तुराट्या. गाडी त्यांच्यावरून कडाकडा मोडत पुढं गेली. मागच्या तुराट्या काढून पुढं टाकायच्या, परत गाडी पुढं. तो तुकडा फार लांब नव्हता. पण त्यातून बाहेर येईपर्यंत माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

पुढं मोरीपर्यंत गाडी वळवायला जागा नव्हती. म्हणून मी आखाड्याच्या अंगणात शिरून गाडी वळवली आणि तिथून पुढं रिव्हर्समध्ये निघालो. साखळीची चाकं आता पुढं होती, ती गाडीला ओढत होती. पेशंट चढवायचं दारही त्याच बाजूला. नामदेव बाहेर चालत हात दाखवत होता.

मोरीच्या उताराच्या तोंडाशी मी थांबलो. खाली ट्रॅक्टर कुशीवर पडलेला, ट्रॉली नालीत, आणि पोषण आहाराची पाकिटं चिखलात पसरलेली. लिंबाखाली दहाबारा माणसं. मॅडम गुडघ्यावर बसून पायाला स्प्लिंट बांधत होत्या. स्प्लिंट म्हणजे मोडलेला पाय हलू नये म्हणून बाहेरून बांधायचा सांगाडा.

अंगणवाडीताई, म्हणजे शोभाताई, शुद्धीवर होत्या. चाळिशीतली बाई, चेहरा पांढरा पडलेला, पण डोळे सगळीकडं फिरत होते. नामदेव जवळ गेला आणि त्यांच्या पायाशी बसून हुंदके द्यायला लागला.

"नाम्या, रडून राहिला काहून?" त्या म्हणाल्या. "मेले का मी? ती पाकिटं उचल आधी. लेकरांचा खाऊ हाय, तुडवून राहिले लोक."

आणि खरंच दोघं जण पाकिटं उचलायला गेले.

"खाली उतरवता का गाडी?" कुणीतरी मला विचारलं.

"न्हाई. इथून खाली गेली तर वर येईल याची मला खात्री न्हाई. इथपर्यंत आपण उचलून आणायचं. हळू. एकानं चुकायचं न्हाई."

उतार छोटा होता. मी चढावर आधी सब्बलीनं पायऱ्या खोदल्या, मगच स्ट्रेचरला हात लावू दिला. सहा जणांनी धरलं. मॅडम डोक्याकडून सांगत होत्या, थांबा, आता चला, थांबा. कुणाचा पाय घसरला नाही. ताई एकदाच कण्हल्या, गाडीत सरकवताना.

दार लावताना त्यांची नजर चाकाकडं गेली. "भाऊ, ह्या कशाच्या साखळ्या?"

"बर्फातल्या हायत ताई."

"बर्फातल्या?" त्या क्षीण हसल्या. "म्हंजे आपल्या रस्त्याची कीर्ती तिकडवर गेली म्हणायची."

नामदेवला परत खिडकीशी बसवलं आणि परतीला लागलो. आता पुढं बघून. मागं सलाइन चालू, मॅडम सारखं बीपी बघत होत्या. मधल्या काचेतून त्यांचा आवाज आला, "काका, बीपी खाली येतंय. जरा जोरात घेता येईल का?"

"जोरात घेतलं तर इथंच बसू, मॅडम."

 मला माहीत होतं की त्यांना काय वाटत असेल. मलाही तेच वाटत होतं. पाय ॲक्सिलेटरवर आपोआप जड होतो. तो उचलून धरणं हेच त्या दिवशी सगळ्यात कठीण काम होतं. चढाला गाडी लावणं सोपं असतं, हळू चालवत राहणं अवघड.

आखाड्यापुढच्या नव्या मातीवर तुराट्या पसरलेल्याच होत्या. गावातली चार माणसं आमच्या पुढं पळत जाऊन त्या नीट करत होती. ती पार झाली. आता फक्त मुरमाचा टप्पा उरला, असं मनात आलं आणि तेवढ्यात मागून आवाज आला. फाट. फाट. फाट. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला पत्र्यावर हातोडा बसल्यासारखा.

गाडी थांबवली. उजव्या चाकाची एक आडवी पायरी एका टोकाला तुटली होती. मोकळं टोक फिरून पत्र्यावर आदळत होतं. आणखी आत वळलं असतं तर तिथं ब्रेकचा पाइप होता. साहेबांनी हातात साखळी घेऊन जे विचारलं होतं ते आता माझ्यासमोर लोंबत होतं.

"काय झालं काका?" मॅडमचा आवाज.

"एक कडी तुटली. बांधतो."

"साखळी काढून टाकली तर?" नामदेवनं विचारलं.

"पुढं चढ हाय. एका चाकाची काढली तर गाडी नालीत जाईल. दोन्ही काढल्या तर चढणारच न्हाई."

पालथा झालो. तार दुहेरी करून तुटकं टोक बाजूच्या पायरीला आवळलं, पकडीनं पीळ दिला, उरलेलं टोक आत वळवलं. हात चिखलानं सटकत होते. घाई केली असती तर पुन्हा करावं लागलं असतं, म्हणून हात शर्टाला पुसले आणि दुसऱ्यांदा आवळलं. चाक हळूच थोडं फिरवून बघितलं. आवाज नाही. ब्रेकचा पाइप हातानं चाचपला, कुठं ओल नाही, चेपलेला नाही. मग निघालो.

त्या शेवटच्या चढावर गाडी एकदा आडवी व्हायला लागली होती. नामदेव ओरडला, "नाली! नाली!" मी स्टिअरिंग नालीकडंच थोडं सोडलं आणि मग हळू सरळ केलं. घसरणाऱ्या गाडीशी झटापट करायची नसते. कड्या पुन्हा मुरमाला लागल्या, तो कटकट आवाज परत आला, आणि गाडीचं नाक वर उचललं गेलं.

डांबर आलं.

तिथं गावातला एक म्हातारा उभा होता. तो म्हणाला, "आता काढत बसू नको फौजी, मार गाडी." मॅडमनीही काचेतून बघितलं. मी उतरलो आणि साखळ्या काढल्या. लावायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या निम्म्यात निघाल्या, पण तेवढा वेळ मला फार मोठा वाटला. त्या तारेनं बांधलेल्या साखळीवर मी हिंगोलीपर्यंत पळालो असतो तर मध्ये कुठंतरी पेशंटसकट रस्त्यावर उभा राहिलो असतो. साखळ्या तशाच चिखलासकट केबिनमध्ये पायाशी टाकल्या, साहेबांना फोनवर एवढंच म्हणालो, "डांबरावर आलो," आणि सायरन लावला.

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात रक्त चढवलं, बीपी सावरलं. तिथून ताईंना नांदेडला पाठवलं. मांडीत लोखंडी सळी घातली. तिथल्या डॉक्टरांनी मॅडमना फोनवर सांगितलं की पाय व्यवस्थित बांधून आणला म्हणून वाचला, आणि बाई वेळेत आली म्हणून बाई वाचली. मॅडमनी ते मला सांगितलं तेव्हा मी गाडी धूत होतो. पत्र्याला पडलेल्या चेपा दाखवून म्हणालो, "साहेब याचा हिशोब मागतील." साहेबांनी मागितला नाही. त्यांनी चेपा बघितल्या, ब्रेकचा पाइप वाकून बघितला, आणि म्हणाले, "पाइपला बाहेरून पट्टीचं कव्हर लावून घेऊ. आणि जाड कडीची जोडी मागव. दोन."

पण गोष्ट इथं संपत नाही. मला जी सांगायची आहे ती पुढंच आहे.

दिवाळीनंतर डांबराच्या टोकाच्या शाळेत त्या गावच्या रस्त्याच्या विषयावर बैठक झाली. गावकऱ्यांनी मलाही बोलावलं. एक अधिकारी आले होते. चांगले बोलणारे. काम का थांबलं ते त्यांनी समजावून सांगितलं. मग माझ्याकडं हात करून म्हणाले, "आणि तोवर तुमच्याकडं ही साखळीवाली ॲम्ब्युलन्स आहेच. अशी सोय दुसऱ्या गावांना नाही."

एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. मला काय करावं कळेना. मी ज्याच्यासाठी आठवडाभर साहेबांच्या मागं लागलो, चिखलात पालथा पडलो, तेच आता रस्ता न करण्याचं कारण होत होतं. मी उभा राहिलो. भाषण मला येत नाही.

"साहेब," मी म्हणालो, "त्या दिवशी खाली मुरूम होता म्हणून गाडी गेली. आणखी एक पाऊस झाला, वरची माती खाली बसली, तर ती जाणार न्हाई. साखळीवर भरवसा ठेवू नका. मी ठेवत न्हाई."

ते काहीतरी म्हणणार होते. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. बैलगाडीतून आलेल्या शोभाताई. वॉकर सोडून त्या नुकत्याच काठीवर आल्या होत्या. त्या बसल्याच नव्हत्या, भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"साहेब, तुमची बैठक झाली की अंगणवाडीत या," त्या म्हणाल्या. "लेकरांची उंची-वजनं मोजायचा दिवस हाय. पण गाडी इथंच डांबराच्या टोकाला ठिवा अन् चालत या. पाऊस न्हाई, वाट वाळलेली हाय. तरी चालून बघा. मंग बोलू."

अधिकारी चालत गेले. जावंच लागलं, अख्खं गाव मागं चालत होतं. वाळलेल्या चाकोऱ्यांत त्यांचा पाय दोनदा मुरगळला. कुणी हसलं नाही.

पुढच्या पावसाच्या आत रस्ता पूर्ण झाला नाही. मात्र ती काळी माती उचलली गेली, मुरूम पडला, रोलरनं दबाई झाली आणि मोरीचा उतार भरून निघाला. डांबर अजून व्हायचं आहे. गेल्या पावसाळ्यात त्या गावात मी दोनदा गेलो, नुसत्या टायरवर.

नवीन पायलट आले की साहेब त्यांना माझ्याकडं साखळी शिकायला पाठवतात. त्यांना वाटतं मी आधी साखळी कशी लावायची ते दाखवीन. मी त्यांना आधी गाडीतून खाली उतरवतो आणि टाच दाबून जमीन बघायला लावतो. बहुतेक वेळा उत्तर तिथंच मिळतं, आणि बहुतेक वेळा ते नाही असंच असतं. नाही असलं की स्ट्रेचर घेऊन चालायचं.